चौथ्या गाण्यातली ढोलकी

मंगळवार, संध्याकाळ

कंपनीकडून अल्बमची शेवटची फाइल आली. चौथ्या गाण्यातली बाबांची ढोलकी काढून टाकलीय, तिथे कॉम्प्युटरचा ठोका घातलाय. फोन केला तर मॅनेजर म्हणतो, "सर, ढोलकीमुळे रॉक गावठी वाटतो." भांडलो. त्याने शांतपणे करार वाचून दाखवला. शेवटचा शब्द त्यांचा, सही माझी. अल्बम निघतोय या आनंदात मी तो कागद वाचला तरी होता का? गाढव.

जेवायच्या आधी बाबा म्हणाले, "लाव ना आपलं गाणं." मनमाडच्या रेल्वे कॉलनीत दर जयंतीला भीमगीतांना ढोलकी धरणारा माणूस. त्यांना काय सांगणार? लावलं. हल्ली त्यांना ऐकू कमी येतं. डोळे मिटून ते टेबलावर बोटं वाजवत राहिले, अगदी जिथे ढोलकी होती तिथेच. एक मात्रा चुकली नाही.

"ढोलकी मस्त आलीय रे."

मी हो म्हणालो. का म्हणालो?

आता गाणं मोबाइलवर घेऊन उद्या सकाळच्या गाडीने मनमाडला निघालेत, जुन्या साथीदारांना ऐकवायला. त्या साथीदारांचे कान अजून शाबूत आहेत.