मुगाएवढी क्रीम

आई,
पुण्याहून निकिता तुह्या पाया पडते. मी मजेत आहो, चिंता नको करू. बाबाचा खोकला कसा आहे?

माह्या खोलीतल्या ऋचाले आन मले एकाच डॉक्टरनं पिंपल्सची एकच क्रीम लिहून देली. तिच्या कंपनीचा विमा तिचं बिल भरते. माहा विमा म्हणते, हा आजारच नाही, सौंदर्याचा खर्च आहे. म्हणून ती बोटभर लावते, मी मुगाएवढी. आता तिचे गाल पाहून माहा जीव जळून राह्यला.

उमरखेडच्या स्थळानं माहा फोटो पाहून, "पोरीले कोणता आजार आहे?" असं इचारलं होतं ना? दारव्ह्याच्या स्थळासाठी नवा फोटो पाठवून राह्यली. बाजूची ऋचा मी कैचीनं कापली. त्यायनंही तसंच इचारलं, तर सांगजो, विमावाले म्हणतात आजार नाही.

तुहीच,
निकी