तपासायला नेलं एकाला

प्रिय ढेरपोट्या,

रागावू नकोस, लहानपणापासून हाच मान आहे तुझा. फोनवर तुला 'तपासण्या चालल्यात' एवढंच सांगितलं होतं. आता खरं सांगते, बसून वाच. अन्ननलिकेचा कॅन्सर निघालाय, आणि तो तुझ्या भावजींना नाही, मला.

भावजींना घेऊन मी दवाखान्यात गेले, ते तुला ठाऊकच आहे. या माणसाने जन्मभर सिगारेटी ओढल्या, संध्याकाळचा पेला कधी चुकवला नाही, आणि चहा असा उकळता पितात की दुसऱ्याची जीभ सोलून निघेल. त्यात आवाज घोगरा झाला. बेतलेला कोट टेबलावर तसाच टाकला, दुकानाला कुलूप लावलं आणि ओढतच नेलं त्यांना. नळी घालून पाहिलं तर काही नाही, साधी सूज! इकडे बाहेर बाकावर मी बिस्किट खात होते, ते छातीत अडकलं. डोळ्यांतून पाणी, तोंडाला लाळ. नर्सने विचारलं, असं कधीपासून होतंय. मी म्हटलं, अगं, हे नेहमीचंच. पुढच्या आठवड्यात नळी माझ्या घशात. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! भावजींची सिगारेट सुटली, पण बोलणंही सुटलंय. नुसते इस्त्री करत बसतात.

मी डॉक्टरबाईंशी भांडलेच. म्हटलं, मी ना ओढत, ना पीत, मला कसा? त्यांनी कागदावर नळी काढून दाखवली. हा आजार मुख्यतः दोन जातींचा. एक बहुतेकदा वरच्या नाहीतर मधल्या भागात होतो. तंबाखू, दारू, सतत फार गरम पिणं, याने त्याचा धोका वाढतो. भावजींसाठी मी घाबरले होते ते त्यालाच. दुसरा, म्हणजे माझा, खाली, जठराच्या तोंडाशी. तिथे वर्षानुवर्षं आंबट पाणी वर येत राहिलं तर नळीचं आतलं अस्तर बदलतं, आणि त्या बदललेल्या जागी कधीकधी हा मूळ धरतो. वजन जास्त असलं की धोका आणखी वाढतो. जळजळणाऱ्या सगळ्यांनाच होतो असं मुळीच नाही, हेही त्यांनी बजावलं. पण जळजळ जुनी असेल आणि घास अडकू लागला, तर थांबायचं नाही.

आपल्या घरात मात्र सगळं अंगावर काढायलाच शिकवलं रे. बाबा जेवून उठले की छाती चोळायचे आणि आपण दोघं त्यांची नक्कल करून खिदळायचो. मीही तेच केलं. मशीनवर वाकायचं आणि जळजळीची गोळी चघळायची. आधी पाव सोडला, मग भात मऊ केला, मग नुसत्या सूपवर आले. वजन उतरलं तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं, आणि मेली मीही खूश! दोन ब्लाउज आत घेतले स्वतःचे.

आधी केमोची औषधं, मग काही महिन्यांनी ऑपरेशन. डॉक्टरबाई खात्री देत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. मला भीती वाटते. खूप वाटते. तुझ्यापासून काय लपवायचं?

फोनवर हे कानावर पडताच तू पुढचं न ऐकता रजा टाकून धावत आला असतास, म्हणूनच लिहायला बसले. येऊ नकोस. मागच्या खेपेला आमच्याकडे जेवताना तू मध्येच उठलास, फोन आलाय म्हणालास, आणि बाल्कनीत पाठमोरा उभा राहिलास. बराच वेळ. तुझा फोन ताटाशेजारीच पडला होता. मला वाटलं, बायकोशी काही बिनसलं असेल, म्हणून गप्प बसले. आता कळतंय, तू घास खाली उतरायची वाट बघत होतास. आधी तपासून घे, याच आठवड्यात, आणि मगच माझ्या दारात ये. माझं व्हायचं ते होईल. तुझी वेळ कदाचित अजून गेलेली नाही रे.

तुझीच,
कान पिळणारी ताई