बिस्किटांचा ट्रे

बाळ व्हर्लिन,

तुझ्या जुन्या गाडीच्या इंजिनानं बाप मेला, असं काल तू पुन्हा फोनवर म्हणालास. मी विषय बदलला. तीन वर्षं झाली, तू इकडे विस्कॉन्सिनला, घरी फिरकत नाहीस.

गाढवा, इंजिन चांगलं होतं. गाडीत ते बॉनेटखालची गरम हवा खायचं. तुझ्या बापानं ते घरी बांधलेल्या विमानात बसवलं; तिथं दमट गारठ्यात त्याच्या कार्बुरेटरमध्ये, जिथं हवा नि पेट्रोल मिसळतं तिथं, बर्फ धरतो आणि ते बंद पडतं. म्हणून सायलेन्सरभोवती पत्र्याची पेटी करून तिथली गरम हवा त्याला द्यावी लागते. मी कुठली शिकलेली! हे तुझ्या बापानंच त्या सकाळी माझ्या ओट्यापाशी उभं राहून सांगितलं. पेटीसाठी त्याला माझा बिस्किटं भाजायचा पत्र्याचा ट्रे कापायचा होता.

"तुझ्या खेळण्याला माझी भांडी मिळायची नाहीत," मी म्हणाले.

"बरं, राणीसाहेब," तो हसला. "पत्रा शनिवारी आणतो. आज नुसती एक चक्कर मारतो."

मी पीठ मळत होते. आवाज घरावरून गेला आणि सोयाबीनच्या शेतावर बंद पडला.

हे वाचलंस तर तू सुटशील. पण मग माझ्या नातीला, कायाला घेऊन आलास, तरी माझ्या हातचं तुझ्या घशाखाली उतरणार नाही. म्हणून पाठवत नाही. आहेच मी भित्री.

परवा तो ट्रे कापायला घेतला. वाटलं होतं, जड जाईल. पाच मिनिटं लागली, व्हर्लिन. पाच मिनिटं.

तुझी,
आई