एक टायर आणि चार ओळी

सोमवार, ११ नोव्हेंबर

प्रिय चिमे,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझी खुशाली आई रोज सांगते: आज सूप किती प्यालीस, स्ट्रॉने की चमच्याने, आणि जावईबापूंनी तुझी उशी कशी नीट करून दिली. त्या उशीचं कौतुक ऐकून माझे कान किटले आहेत.

ताई चक्क पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस, तारा ओढल्या जातील. पण तुझा जबडा बांधलेला असताना फोन करून मी काय ऐकणार? मेसेज करावा तर तुझा फोन तुझ्याआधी तुझा नवरा वाचतो. हे पत्र आई डब्याच्या पिशवीत तळाशी घालून आणेल. तिने वाचलेलं नाही. चष्मा सापडला असता तर वाचलं असतं.

पडद्यांचं दुकान बरं चाललंय. परवा एक बाई पाच खिडक्यांची मापं देऊन गेल्या आणि लावायला गेलो तर घरात खिडक्या चारच. उरलेला पडदा आता त्या नवऱ्याच्या कपाटाला लावणार आहेत म्हणे.

तुझी चिठ्ठी मिळाली. ‘ताई, चूक माझीच. उतारावर मी पुढचा ब्रेक गच्च दाबला. रविवारी सायकल क्लबच्या मेळाव्यात हा त्याच्या हेल्मेटच्या कॅमेऱ्यातला मी पडल्याचा व्हिडिओ दाखवणार आहे, नव्या लोकांना धडा म्हणून. शेवटी मी चार ओळी वाचाव्यात असं त्याचं म्हणणं आहे. तुझी भाषा चांगली, तू लिहून दे.’

चिमे, मी लिहून देणार नाही. शुक्रवारी तुझ्या तारा निघणार आणि रविवारी तू भरसभेत माफी मागणार. महिनाभर बंद असलेलं तोंड उघडायचं ते यासाठी?

आपल्या सर्वज्ञांना मी तुझ्या लग्नाआधीपासून ओळखते. सुई कुठून ओवतात हे ठाऊक नसताना त्याने मला पडद्याच्या चुण्या कशा घालाव्यात हे शिकवलं होतं. सायकलचंही तेच. दोनचार व्हिडिओ पाहिले आणि झाला गुरुजी. गुडघ्यांना ढाली, कोपरांना ढाली, हेल्मेटवर कॅमेरा, आणि एवढा जामानिमा करून अवघड वळण आलं की हळूच पाय टेकतो. मी पाहिलंय. तो भाग तो व्हिडिओतून कापतो.

तू पडलीस त्या सकाळी गाडीवरून सायकली उतरवल्यावर त्याने तुझ्या पुढच्या चाकातली हवा सोडली. ‘हवा कमी असली की टायर जमीन धरतो. तू हलकी आहेस, तुला एवढी हवा काय करायचीय?’ तू चाक दाबून म्हणालीस, ‘अरे, फारच मऊ लागतोय.’ त्यावर तो म्हणाला, ‘तुला त्यातलं काय कळतंय?’ मी शेजारी थर्मास धरून उभी होते. आणि टायर तरी कुठला? त्याच्याच सायकलवरून उतरलेला, सैल पडलेला. स्वतःला नवे घेतले आणि जुने बायकोला दिले. तुझ्या अरुंद रिमवर तो रुंद टायर म्हणजे इलास्टिक गेलेली चादर गादीला घातल्यासारखा होता.

थर्मास, चादर, पडदे. पान भरत आलं आणि मी अजून मुद्द्यावर येत नाहीये. येते.

मला त्याने समोरच्या टेकाडावर, माझा फोन तिवईवर लावून, शूटिंगला उभं केलं होतं, कारण तिथून तो छान दिसतो. पुढे तू होतीस, मागे तो. तू वळणावर आलीस आणि पुढचा टायर एका बाजूने रिममधून निसटला. तो बाहेर लोंबला, नुसती रिम दगडांवर घासत गेली आणि तू हँडलवरून उडून पडलीस. ब्रेक दाबलास की नाही ते एवढ्या लांबून घेतलेल्या व्हिडिओत दिसत नाही, पण टायर आधी सुटला आणि तू नंतर पडलीस हे कुणालाही दिसेल. मी फोन तिथेच तिवईवर सोडून धावले. टेकाडाच्या मागच्या वाटेने उतरून, वळसा घालून तुझ्यापर्यंत पोचले तेव्हा तो तुझं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. मला गहिवरून आलं. ‘धीर धरा’ असं मी त्याला म्हणाले. मी, त्याला.

फोन मात्र चालू राहिला होता. दवाखान्याच्या बाकावर बसून मी ते पाहिलं. तो सायकल टाकून धावत आला तो तुझ्याकडे नाही, चाकाकडे. गुडघ्यांवर बसून अंगठ्यांनी दाबत दाबत त्याने टायर पुन्हा रिममध्ये बसवला. पाठीवरच्या पिशवीतून पंप काढला आणि हवा भरली. कुणी येतंय का म्हणून वर पाहिलं. पंप परत ठेवला. मग तो तुझ्याकडे वळला आणि मोठमोठ्याने हाका मारायला लागला. तू मातीत बेशुद्ध पडली होतीस आणि तुझा नवरा पंप मारत होता.

मागून क्लबची मंडळी पोचली तेव्हा त्याने प्रत्येकाला चाक दाबून पाहायला लावलं. ‘टायर शाबूत आहे, बघा. पुढचा ब्रेक, दुसरं काय.’ सगळ्यांनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या. नंतर त्याने माझ्याकडे व्हिडिओ मागितला, तेव्हा फोन पडला, काही आलं नाही, असं मी ठोकून दिलं. त्याचा चेहरा असा खुलला की बघवेना.

तुझ्या डोक्याला मार होता, मनाला त्रास देऊ नका असं डॉक्टर बजावत होते, म्हणून गप्प राहिले. आता नाही राहणार. मला त्याचा राग येत नाही गं. राग यायला समोर माणूस लागतो. किळस येते.

त्या चार ओळी तू वाचू नकोस. माझ्याकडे निघून ये. शिवणाच्या खोलीतली कापडं उचलली की एक कॉट बसते.

माफीनामा न लिहून देणारी,
तुझी ताई


गुरुवार, १४ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार. पत्र पोचलं. आई पिशवी देऊन दोनदा म्हणाली, ‘तळाशी बघ,’ तेही याच्यासमोर. याचं लक्ष मोबाइलमध्ये होतं म्हणून निभावलं.

मी बेशुद्ध नव्हते.

गाल मातीत होता, पण डोळे उघडे होते. चाक हातभर अंतरावर होतं आणि मला त्याचे अंगठे दिसत होते. आधी वाटलं, माझ्या अंगावरची सायकल बाजूला करतोय. मग पंपाचा आवाज आला. तेव्हा मी डोळे मिटून घेतले, त्याला ओशाळं वाटू नये म्हणून. जबडा तुटलेला माझा, आणि मी त्याची अब्रू सांभाळत होते.

रोज सकाळी तो विचारतो, ‘काही आठवतंय का गं?’ मी मानेनेच नाही म्हणते. त्याला इतकं हायसं वाटतं की लगेच माझी उशी नीट करतो. एखाद्या दिवशी आपणहून सांगेल म्हणून मी महिनाभर वाट पाहिली. तुला निदान किळस तरी येते. माझी तीही सरली. तो चमचा पुढे करतो, मी ओठ उघडता येतील तेवढे उघडते, आणि हा कोण बसलाय समोर असं वाटतं.

चिठ्ठी मी मुद्दाम पाठवली होती. माझी चूक आहे असं कोण कोण लिहून देतं ते पाहायचं होतं. आईला विचारलं तर म्हणाली, ‘कबूल करून टाक, घरात शांतता राहते.’ तूही लिहून दिलं असतंस तर मी ते वाचलं असतं ताई, आणि इथेच राहिले असते.

तुझ्याकडचा व्हिडिओ कुणाला पाठवू नकोस. रविवारी ये, पुढच्या रांगेत बस, आणि संपलं की मला घेऊन चल. ओळी मी लिहिल्या आहेत. त्याला सांगितलंय की ताईकडून येतायत, म्हणून त्याने अजून तपासलेल्या नाहीत.

‘मी ब्रेक दाबला नव्हता.
टायर रिममधून निसटला.
माझ्या नवऱ्याने आधी टायर बसवला.
मग मला उचललं.’

तुझी, सगळा वेळ शुद्धीवर असलेली,
चिमी