टिकल्या कोणी निवडल्या

५ जाने.
माझ्या देवाच्या कपाटातल्या उदबत्त्या काढून विनूने तिथे बंदुकीचं सामान ठेवलं. विचारलं नाही की सांगितलं नाही. पोटचा पोरगा, म्हणून हात उचलला नाही. रागात श्री लिहायचं राहिलं, ते आता.
श्री.
विनूचा अरब मालक इथे आखातात, जहरा गावातल्या आपल्या घरीच पिस्तुलाची काडतुसं भरतो. उडवलेल्या पुंगळ्या गोळा करायच्या, परत भरायच्या, परत उडवायच्या. दुकानातलं काडतूस साहेबांच्या हाताला बसत नाही म्हणे. विनूची नोकरी हिशेबाची. पण शुक्रवारी भरायला हाच बसतो. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, मालकाच्या हातात, नाही कोण म्हणणार?
डबीत पितळेच्या इवल्या वाट्या. पुंगळीच्या बुडाला बसवतात, घोडा आपटला की पेटतात. म्हटलं, दिवाळीतल्या टिकल्याच की. विनू म्हणतो, "आई, प्रायमर म्हणतात." रिया म्हणते, "आजी, डोन्ट टच." नात आहे का हवालदार.
डबी गाडीत ठेवायला लावली.

९ जाने.
नेहमीच्या टिकल्या संपल्या. मालकाने दुसऱ्या आणल्यात, मोठ्या बंदुकीच्या. विनूने ताट सारलं. "दिसायला सारख्या आहेत गं, पण जात वेगळी, जोर जास्त. त्या पिस्तुलाला नकोत."
"मग भरू नकोस," मी म्हटलं.
त्याने मालकाला फोन लावला. आवाज मोठा, सगळ्यांनी ऐकला. विनू सांगतोय, थांबू या, बरोबरच्या मिळेपर्यंत. मालक म्हणाला, "भर. मा फी मुश्किल." काही अडचण नाही, असा त्याचा अर्थ. मला आपलं ऐकू आलं, माफी मुश्कील. मी बोलले तशी सून कल्पना हसली, रिया हसली. विनू पण.
आज शुक्रवार. गेला, भरून आला.

१३ जाने.
मालकाच्या धाकट्या भावाच्या हातात पिस्तूल फुटलं. अंगठा गेला. एक डोळाही जाणार. चार महिन्यांवर लग्न आलेला मुलगा.
विनू म्हणतो, दुसऱ्या कशाने पण झालं असेल. असेल. मी काय जाणते. पण तोंड पांढरं पडलंय त्याचं. जेवण तसंच.

१५ जाने.
मालक घरी आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खजुराचा डबा घेऊन. "विनायक मेरा भाई है." सख्ख्या भावाचं काय केलंस ते पाहिलं, म्हणणार होते. सुनेने डोळे वटारले.
मागणं असं: टिकल्या मीच निवडल्या, मालकाला न विचारता, असं विनूने पोलिसांना सांगायचं. मग वकील त्याचा, इकामा राहील, रियाची दहावी इथेच होईल. नाही सांगितलं तर? ते बोलला नाही. चहा पूर्ण प्यायला मात्र.
तो गेल्यावर कल्पना: "आई, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. ते सोडवतील ह्यांना."
"डोळा गेलाय, बाई. थोड्या दिवसांनी उगवतो का?"
रडली. रडू दे. तिचं चूक नाही, लेकीचं बघतेय. पण नवरा आत गेल्यावर काय, ते तिला अजून सुचलेलं नाही.

१६ जाने.
विनू तयार झालाय. म्हणतो, "भरल्या मीच ना, आई."
भरल्यास. माहीत असून भरल्यास, ते तुझं. ते कबूल कर, जी शिक्षा होईल ती भोग, मी अडवणार नाही. पण निवडल्या नाहीस. भरणं वेगळं आणि निवडणं वेगळं. दुसऱ्याचं पाप अंगावर घ्यायला मी तुला नाही वाढवला.
"तुला इथलं काही कळत नाही."
नाही कळत. फोनवर काय ऐकलं ते कळतं.
उद्या सकाळी पोलिसांत जबाब. मालक शेजारी बसणार म्हणे, धीर द्यायला. मीही जाणार, गाडीत बसवलं नाही तर टॅक्सीने. विनूने भरल्याचं तेवढं बोलायचं, पुढे अक्षर नाही. कल्पनाने मध्ये पडायचं नाही. आणि टिकल्या कोणी निवडल्या असं विचारलं, की आपण सगळ्यांनी मालकाकडे बघायचं. उत्तर त्याने द्यायचं.