मागचं उजवं चाक

आबा, तुमच्या लेकानं मला वैताग आणलाय. तुम्ही असता तर त्याला तुमच्यापुढं उभं करून विचारलं असतं, हे असलं तुम्हीच शिकवलंत का, आणि तुम्ही मिशीतल्या मिशीत हसून दुसरीकडं बघितलं असतं. तुम्ही नाही, म्हणून कागदावर भांडतेय. दादाला दक्षिणेत सोनं गाळायच्या धंद्यात धाडताना तुम्ही एसटीत बसवून आलात, तेवढंच तुम्ही बघितलं. पुढं त्याचा धंदा वाढला, तो त्यानं पोरांच्या हाती दिला आणि मलकापुरात बंगला बांधून राहिला. आता इतकं झाल्यावर माणसानं सुखानं बसावं की नाही? नाही. त्यानं स्पोर्ट्स कार घेतली. दोनच माणसांची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी आणि भंडाऱ्यासारखी पिवळीधमक. दर रविवारी ती घेऊन तो आटपाडीला येतो, आईला शेजारी बसवतो आणि नागजच्या घाटानं कवठे महांकाळला मावशीकडं नेऊन संध्याकाळी परत आणतो. आई त्या गाडीत बसते म्हणजे आधी पाठमोरी होऊन आत पडते, मग एकेक पाय हातानं उचलून आत घेते, मग पदर सारखा करते. शेजारच्या बायका हसतात आणि तीही हसते. मला मात्र हसू येत नाही, कारण त्या गाडीचं मागचं उजवं चाक मी हात घालून बघितलंय.

मी सांगलीत विम्याच्या कचेरीत आहे. अपघात झालेल्या गाड्या बघायच्या, त्यांचे फोटो काढायचे, काय मोडलं आणि का मोडलं ते लिहायचं, हे माझं रोजचं काम. तुम्हाला हे ऐकून नवल वाटलं असतं. गाडी बघितली की माझा हात आपसूक टायरकडं जातो, तसा तो त्या रविवारीही गेला. खूप दिवसांनी आटपाडीला गेले होते. दादाची गाडी दारात उभी होती. बाहेरून टायर काळेभोर, पॉलिश मारलेले, नक्षी ठसठशीत. मी वाकून आतल्या बाजूला हात घातला तर बोटाला तार लागली. आतली बोटभर पट्टी पार गोटा झालेली, रबर संपून तारा उघड्या पडलेल्या. डाव्या चाकाला तसं नव्हतं, ते आतून झिजलेलं पण अजून नक्षी धरून होतं. घाटातल्या वळणावर ओला रस्ता असता आणि तो टायर फुटला असता तर काय झालं असतं, हे मला कुणी सांगायची गरज नाही, मी तसले फोटो रोज बघते. आणि शेजारच्या सीटवर आमची आई. मी दादाला हाक मारून दाखवलं. तो वाकलासुद्धा नाही. म्हणाला, "आगं, बाहेरनं नवा हाय की टायर. आत कोण बघतंय?"

आबा, हे वाक्य ऐकलं आणि मी मनानं लहानपणीच्या आपल्या टेम्पोपाशी जाऊन पोचले. बाजाराच्या दिवसाची पहाट आहे. मागच्या हौद्यात शेरडं-मेंढरं दाटीवाटीनं उभी आहेत, लेंड्यांचा आणि डिझेलचा वास एकात एक मिसळलाय. टेम्पोला मागं दोन्ही बाजूंना जोडचाकं आहेत आणि तुम्ही एका बाजूची चाकं उतरवून बसलाय. बरा टायर बाहेर, गोटा झालेला आत, हा तुमचा नेम. रस्त्यावर कुणी गाडी अडवली तर त्याला बाहेरचाच दिसणार. नवा टायर घ्यायचा तर एकच घ्यायचा, जो झिजला तेवढाच, आणि तो बाहेर लावायचा. मी परकरातली पोर, पान्हे देत तुमच्याशेजारी उकिडवी बसलेली. मी आतल्या टायरवर हात फिरवला आणि तार टोचली म्हणून सांगितलं, तर तुम्ही माझा हात झटकलात. "आत हात घालायचा न्हाई," म्हणालात, आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाहीत. दादा तिथंच उभा होता. तो शिकला, मी शिकले नाही.

तुमचा टेम्पो कधी उलटला नाही, हे मला मान्य आहे. जोडचाकातलं एक बसलं तर दुसरं तोलून धरतं. पण हीच रीत तुम्ही सगळ्याला लावलीत. फाटकी बंडी आत आणि वर कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. छातीत कळ यायची तेव्हा पित्त झालंय म्हणून आल्याचा तुकडा चघळत बसायचात, बाजारातल्या माणसांत मोठ्यानं हसायचात, आणि आम्हाला कळलं तेव्हा कळून उपयोग नव्हता. मला अजून त्याचा राग येतो. तुमच्या आठवणीनं डोळ्यांत पाणी येतं तेव्हासुद्धा आधी राग येतो.

असो. आठवडाभर फोनवर भांडून मी दादाला सांगलीत टायरच्या दुकानात आणलं. येतानाच त्यानं तीन तोडगे काढून ठेवले होते. पहिला, पुढचे टायर मागं घालू. मी म्हटलं, या गाडीचे पुढचे टायर अरुंद आहेत आणि मागचे रुंद, ते इकडचे तिकडं होत नाहीत. दुसरा, टायर रिमवरून काढून उलटा बसवू, म्हणजे झिजलेली बाजू बाहेर येईल. हे ऐकून मला मात्र हसू आलं, कारण तुमचा लेक झिजलेली बाजू जगाला दाखवायला तयार झाला होता. पण त्या टायरवर बाहेरची बाजू कुठली ते कंपनीनंच छापलेलं असतं, तो उलटा बसत नाही. तिसरा तोडगा तुमचा, उजवा तेवढाच बदलू. दुकानदार भला माणूस. त्यानं दोन प्रकार पुढं ठेवले. एक गाडीबरोबर आलेल्या जातीचाच, मऊ रबराचा, रस्ता धरणारा पण लवकर झिजणारा. दुसरा कडक, टिकाऊ, पण ओल्यात घसरेल असा. शिवाय कोपऱ्यात त्या पहिल्या जातीचा एक एकटा टायर पडून होता. त्याच्या बाजूवर छापलेला आठवडा आणि साल बघितलं तर तो दुकानातच म्हातारा झालेला. दादाचा डोळा नेमका त्याच्यावर. मी म्हटलं, मऊ जातीचे, ताजे, दोन, जोडीनं. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना असला तर वळणावर एक चाक धरतं आणि दुसरं सोडतं. आणि ज्या गाडीची सगळी ताकद मागच्या चाकांत आहे, तिला हे खपत नाही. तो म्हणाला, डावा अजून चांगला आहे, चांगला टायर काढून टाकायचा म्हणजे अन्न उकिरड्यावर टाकल्यासारखं. त्याच्या बंगल्यात संगमरवरी जिना आहे, आबा, आणि टायर टाकवत नाही.

मग गाडी चाकांचा कोन तपासायच्या यंत्रावर चढवली. याआधी त्यानं पुढच्याच चाकांचं करून घेतलं होतं, मागं काय बघायचं म्हणून. उजवं मागचं चाक बाहेरच्या अंगाला फाकलेलं निघालं, त्याला धरून ठेवणारा दांडा वाकला होता. असं फाकलेलं चाक फरफटत चालतं आणि आतली कड खात राहतं. यंत्रावरच्या माणसानं विचारलं, हे चाक नेहमी एकाच खड्ड्यात पडतं का. दादा विचारात पडला, मला मात्र लगेच कळलं. आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाण्याच्या पाइपासाठी चर खणली होती, ती नीट बुजवलीच नाही. बुटक्या गाडीचं नाक घासू नये म्हणून दादा ती चर तिरपी ओलांडतो. तीन चाकं सांभाळून जातात आणि उजवं मागचं धाडकन आत पडतं, येताना एकदा आणि जाताना एकदा. मी हे सांगितलं तरी तुमचा लेक दांडा ठोकून सरळ करून, कोपऱ्यातला तो एकच टायर घालून निघून गेला. वरती म्हणाला, आईला बसू नको म्हणून तूच सांग, मी न्यायचा थांबणार नाही.

म्हणून पुढच्या रविवारी तो यायच्या आत मी आटपाडीला गेले. आई चुलीपाशी होती. गॅस आहे, पण भाकरी ती अजून चुलीवरच भाजते. मी तिला सगळं समजावून सांगितलं, टायर, तार, चर, वळण. ती भाकरी थापत राहिली. शेवटी म्हणाली, "मला म्हाईत हाय. वळणाला मागनं सरकती."

मी म्हटलं, माहीत आहे तर त्याला बोलली का नाहीस? तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि माझ्याकडं न बघता बोलली. "बोलले तर गाडी गॅरेजात जाईल. मग त्यो कशाला यील? त्यो काय मला भेटाया येत न्हाई, बाई. गाडी पळवाया येतो. पर येतो."

आबा, तिच्या अंगावर ओरडावं असं वाटलं, तुम्ही सगळे एका माळेचे मणी आहात असं म्हणावंसं वाटलं. भीती गिळून ही बाई दर रविवारी त्या सीटवर पडायची, पदर सारखा करायची आणि बायकांबरोबर हसायची. तुम्ही तिला शिकवलंत की तिनं तुम्हाला, हे आता कोण सांगणार? तेवढ्यात बाहेर चरीत चाक आपटल्याचा आवाज आला. मी उठून गाडीपाशी गेले आणि दादाला अर्धंच सांगितलं. म्हटलं, आई म्हणते, वळणाला गाडी मागनं सरकते. त्याचा चेहरा उतरला. "आई म्हणली?" एवढंच त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. उरलेलं अर्धं मी त्याला सांगितलं नाही आणि सांगणार नाही.

त्या दिवशी तो तिला घेऊन गेला नाही. घरातच बसला, चुलीपुढं, पाटावर, त्याच्या त्या महागड्या पँटीत. आईनं त्याला भाकरी आणि हुलग्याची आमटी वाढली, मलाही वाढली आणि आम्हा दोघांच्या मध्ये बसून ती सारखी काही ना काही वाढत राहिली. मावशीकडं फोन करून येत नाही म्हणाली तेव्हा तिचा आवाज नव्या नवरीसारखा होता. दुपारी दादानं शेजारून खोरं मागून आणलं आणि ती चर स्वतः मुरूम टाकून बुजवली. आठवड्यात दोन्ही मागचे टायर नवे, मऊ जातीचे, जोडीनं पडले आणि वाकलेला दांडाही बदलला. मी फोटो मागवून बघितले, साल आणि आठवडा वाचला, तेव्हा जीव भांड्यात पडला. माझ्या लेखी विषय मिटला होता. टायर बदलायच्या आधी हे सगळं मी दादाला वाचून दाखवायचं म्हणून लिहायला घेणार होते, कारण तो कुणाचं ऐकत नसला तरी तुमचं नाव घेतलं की ऐकतो. आता आईचं ते बोलणं यात आल्यावर त्याला दाखवायची सोय उरली नाही.

आणि खरं सांगायचं तर आज मी लिहायला बसले ते दादामुळं नाहीच. सकाळी कचेरीत कामाच्या घाईत आईचा फोन आला. म्हणाली, "गाडी मागनं परत कायतरी वाजती. तुला कळतं त्यातलं. तू येऊन बग." मी चिडले. म्हटलं, दादाला सांग, मला वेळ नाही, आणि फोन ठेवला. मग राहवेना म्हणून दादाला विचारलं. तो म्हणाला, कसला आवाज? कालच तर आईला फिरवून आणलं, गाडी लोण्यासारखी चालते. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. टायरसाठी मी लागोपाठ रविवारी आटपाडीला जात होते. त्याआधी दिवाळीला गेले होते. टायर बदलले आणि मी जायची थांबले, कालही गेले नाही.

येत्या रविवारी जाते, आबा. दोघांच्या देखत गुडघे टेकून गाडीखाली वाकते, हात काळे करते, बराच वेळ घेते. आणि मग आईला सांगते, व्हय, वाजतंय खरं, पुढच्या रविवारी परत येऊन बघावं लागेल.