पुढे चालणारी मादी

१८ मे
आज नावेने येथे पोहोचलो. नदीवरचे बर्फ फुटून तीनच दिवस झाले आहेत. माझी दिवंगत पत्नी एफी हिच्या मावशी, मायरा, यांनी लाकडी घर झाडून ठेवले होते. शेगडीवर मांसाचा रस्सा उकळत होता. प्रसन्न वाटले. एफीला जाऊन पाच महिने झाले. तिच्या नकाशावर ध्रुवाकडच्या रानटी कॅरिबू हरणांच्या सर्व वाटा आहेत. केवळ कळपाच्या अग्रभागी चालणाऱ्या मादीची नाही. ते काम पूर्ण करावे, एवढीच इच्छा उरली आहे.

२१ मे
कळप आला. गाभण माद्या येथेच नदी ओलांडून उत्तरेस, समुद्रकाठी विण्यास जातात. पहिली मादी पोहत असता नावेतून वाकून मी तिच्या गळ्यात माग काढणारा पट्टा अडकवला. मावशींनी तत्क्षणी इंजिन बंद केले.
"अहो जावईबापू, पहिलीला हात लावायचा नसतो! ती बिथरली तर बाकीच्यांना वाट कोण दाखवणार, तुमचं कॉलेज?"
मी क्षमा मागितली. पट्टा काढला नाही. तिच्या पाठीवर गाठी होत्या. एक बोटाखाली फुटली आणि करंगळीच्या पेराएवढी मळकट अळी माझ्या मनगटावर वळवळली. हात तीनदा धुतले.

२४ मे
मादी मागे फिरली. आता ती माझ्या दाराशी उभी आहे. तिच्यामागे हजारो, निश्चल. सर्वत्र शेण, गळलेले केस, अळ्या. पायाखाली त्या फुटतात. मावशी म्हणतात, आठवड्यात माद्या हलल्या नाहीत तर पिले या चिखलात पडतील, आणि एकही जगणार नाही.

२७ मे
पट्टा काढला. उशीर झाला होता. ती खोकली, नाकातून अळ्यांचा गोळा पडला, मग तीही. कोणी तिच्याकडे पाहिले नाही. सर्व माझ्याकडे पाहत आहेत.

२९ मे
माझ्या पाठीवर गाठी. मावशींनी पाहिल्या. आज टोमणा नाही. "त्या माद्यांच्या पोटात पिलं आहेत," एवढेच म्हणाल्या.

३० मे
कॅरिबू खातात ते खडकावरचे दगडफूल खाल्ले. अतिशय किळस आली. पुन्हा खाल्ले.

३१ मे
एक गाठ फुटली — सदऱ्याच्या आत काहीतरी खाली सरकते आहे — बघवत नाही. नदीत उतरतो. मागून सगळ्या — पाणी गार लागत नाही — बोटे जुळून आली आहेत, वही तोंडात धरावी ला—